पाटण्यात न आलेलं वादळ : १९३४ च्या बिहार भूकंपातील अफवांचा प्रकरण अभ्यास

१८ आणि १९ जानेवारीच्या दरम्यान पाटण्यावर भयंकर वादळ येणार. नेपाळच्या सीमेवरून पुराचा लोंढा मधुबनीकडे निघाला आहे. २३ जानेवारी घातवार आहे, त्या दिवशी कल्पनेपलीकडची संकटं कोसळतील. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार.

जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये तोंडोतोंडी पसरलेल्या या चार अफवा. चारही खोट्या ठरल्या. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्या, आणि त्यांच्यासारख्या इतरही, उतरवून घेतल्या. पुढच्याच वर्षी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’मध्ये त्यांचा लेख छापून आला. आजही सामाजिक मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात बोधनिक विसंगतीचा, म्हणजे कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा सिद्धांत शिकवला जातो : मनातल्या दोन गोष्टींचा मेळ बसला नाही की ते सोसवत नाही, आणि माणूस तो बेमेळ मिटवू पाहतो. त्याची पहिली ठिणगी या लेखातून पडली, हे खुद्द तो सिद्धांत मांडणाऱ्या लिऑन फेस्टिंगर यांनी नोंदवून ठेवलं आहे. वर्गात मात्र एक डॉलर आणि वीस डॉलरचा प्रयोग (कंटाळवाणं काम मजेचं होतं असं खोटं सांगायला कमी पैसे मिळालेल्यांनाच ते काम जास्त आवडू लागलं, असं दाखवणारा) शिकवून पुढे जायची पद्धत आहे. बिहार वाटेतच गळून पडतो.

माझ्या मते या प्रकरणात त्या प्रसिद्ध सिद्धांताइतकंच मोलाचं आणखी काही आहे. ते प्रसादांच्या मूळ मांडणीत होतं आणि फेस्टिंगरांनी ते उचललं नाही. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडतो.

भूकंप आणि नंतरचे दिवस

१५ जानेवारी १९३४, सोमवार. दुपारी सव्वादोनच्या सुमाराला जमीन हलू लागली आणि काही मिनिटं हलतच राहिली. भूकंपाचं केंद्र पूर्व नेपाळमध्ये, एव्हरेस्टच्या दक्षिणेला होतं आणि तीव्रता ८ च्या आसपास होती. बिहारमध्ये ७ हजारांहून अधिक आणि नेपाळमध्ये ८ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. मुंगेर आणि मुझफ्फरपूर ही शहरं उद्ध्वस्त झाली. काठमांडूचा धरहरा मनोरा कोसळला.

उत्तर बिहारच्या सपाट गाळाच्या प्रदेशात आणखी विचित्र गोष्ट घडली. मोतिहारी, सीतामढी, मधुबनी या पट्ट्यात जमीन घट्ट राहिलीच नाही. ओल्या वाळूचे थर हादऱ्यांनी पातळ झाले, घरं जागच्या जागी खचली आणि कलली. शेतांमध्ये भेगा पडून त्यांतून पाणी आणि वाळू कारंज्यासारखी उसळली. विहिरी वाळूने बुजल्या. पिकांवर वाळूची चादर पसरली. आज भूवैज्ञानिक याला द्रवीकरण म्हणतात. पण त्या दुपारी शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन खरोखरच पाणी झाली होती.

हे सगळं लक्षात ठेवून प्रसादांच्या संग्रहातली आणखी एक अफवा ऐकावी. भूकंपाच्या क्षणी गंगेचं पाणी नाहीसं झालं आणि स्नान करणारे लोक वाळूत रुतले, अशी ती अफवा होती. ऐकायला ती अद्भुत वाटते. पण तिचे सगळे तुकडे खऱ्या अनुभवातले आहेत. पाणी कुठून तरी नाहीसं होतं आणि कुठून तरी वर येतं, वाळू माणसाला धरून ठेवते, हे शेकडो गावांनी नुकतंच पाहिलं होतं. शिवाय तो दिवस पौषी अमावास्येचा होता. उत्तरेत तिला मौनी अमावास्या म्हणतात आणि त्या दिवशी गंगास्नानाला मोठं महत्त्व असतं. संक्रांतही नुकतीच झाली होती. नदीवर माणसं होती, यात कल्पनेला काही करायची गरजच नव्हती. अफवा रचणारं मन हवेतून काही आणत नाही. हाताशी आहे तेच ते जोडतं, हे या एका उदाहरणात फार स्पष्ट दिसतं.

चंद्रग्रहणाच्या अफवेचंही तसंच. ३० जानेवारीला, पौर्णिमेच्या रात्री, खरोखर खंडग्रास चंद्रग्रहण होतं. ते पंचांगात छापलेलं होतं आणि घराघरांत माहीत होतं. पुढचा भूकंप कधी, या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं, पण आधीच अशुभ मानलेली एक तारीख सगळ्यांकडे होती. भीतीने ती तारीख उसनी घेतली.

प्रसादांनी काय पाहिलं

अफवेकडे पाहायची सोपी रीत अशी : लोक अडाणी असतात, घाबरतात, एकाचं दोन करून सांगतात. प्रसाद या वाटेने गेले नाहीत. कोणत्या परिस्थितीत अफवा जन्मते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी काढलेली उत्तरं थोडक्यात अशी. परिस्थिती भावना ढवळून काढणारी असते. ती नेहमीच्या अनुभवाबाहेरची असते. तिचे बरेच पैलू अज्ञात असतात. अनेक गोष्टी पडताळून पाहता येत नाहीत. आणि ती एका माणसापुरती नसते, सगळ्या गटाला तिच्याशी कर्तव्य असतं.

यातली शेवटची अट मला सर्वात महत्त्वाची वाटते. प्रसादांच्या दृष्टीने अफवा हा समूहाने मिळून केलेला विचार आहे. अपुऱ्या माहितीतून अर्थ लावायचा प्रयत्न लोक एकत्र करतात, आणि त्यासाठी जे सामायिक आहे ते वापरतात : पंचांग, पुराणातला प्रलय, नदीविषयीच्या समजुती, मागच्या संकटांच्या आठवणी. १९५० साली त्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या आणि काळांतल्या भूकंपांनंतरच्या अफवा आपल्या संग्रहाशी ताडून पाहिल्या. त्यांत विलक्षण साम्य दिसलं. परिस्थिती सारखी असेल तर माणसांचे समूह सारख्याच रीतीने तिचा अर्थ लावू पाहतात, मग ते कोणत्याही धर्माचे वा देशाचे असोत.

याच्या शेजारी १९४७ साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी मांडलेलं काम ठेवलं की फरक कळतो. त्यांच्या प्रयोगात एका माणसाला चित्र दाखवायचे, त्याने ते दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. साखळीच्या टोकाला पोचेपर्यंत तपशील गळायचे, उरलेले ठसठशीत व्हायचे आणि सांगणाऱ्याच्या पूर्वग्रहांप्रमाणे बदलायचे. एका चित्रात गोऱ्या माणसाच्या हातातला वस्तरा सांगता सांगता काळ्या माणसाच्या हातात जायचा. प्रयोग चोख होता आणि वर्णद्वेषाविषयी त्याने सांगितलेलं सत्य आजही खुपतं. पण त्यात अफवा म्हणजे स्मरणातली गळती ठरली. खोलीत बसलेल्या त्या माणसांना चित्राशी काही घेणंदेणं नव्हतं, परत विचारायची मुभा नव्हती, आपसात बोलून ठरवायचं नव्हतं. पाटण्याच्या चौकात माणसं एकमेकांना अडवून विचारत होती, शंका घेत होती, भर घालत होती, कारण त्यांची घरं आणि नातलग पणाला लागले होते. पुढची कित्येक वर्षं अफवांचं संशोधन साखळीच्या प्रयोगाच्या वाटेने गेलं. त्याने या विषयाचं नुकसान झालं असं मला वाटतं.

कारण शोधणारी भीती

१९५१ च्या अखेरीस फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी संवाद आणि सामाजिक प्रभाव या विषयांवरचं उपलब्ध संशोधन चाळून एकत्र मांडायचं काम करत होते. सुरुवात अफवांपासून झाली आणि प्रसादांचा लेख त्यांच्यासमोर आला. तो वाचून ते अडखळले. धक्का मोठ्या प्रदेशाला जाणवला होता, पण विध्वंस मर्यादित भागात झाला होता. ज्या अफवा नोंदल्या होत्या त्या धक्का बसूनही वाचलेल्या भागातल्या होत्या. मग संकटातून सुटलेली माणसं आणखी भयंकर संकटांच्या बातम्या का पसरवत होती? माणूस दुःखद विचार टाळतो आणि सुखाचे विचार धरतो, हा सरळ हिशेब इथे जुळत नव्हता.

फेस्टिंगरांना सुचलेलं उत्तर असं. ही माणसं आधीच घाबरलेली होती. धक्का थांबला म्हणून भीती लगेच थांबत नाही, अंग थरथरत राहतं, झोप लागत नाही. आजूबाजूला पाहावं तर भिंती उभ्या, माणसं जिवंत. आतली भीती आणि बाहेरचं दृश्य यांचा मेळ बसत नाही, आणि हा बेमेळ मनाला सोसवत नाही. तो मिटवायचे दोन मार्ग : भीती कमी करा, नाहीतर भीतीच्या तोलाचं कारण शोधा. भीती हुकमाने कमी होत नाही. मग वादळ येणार, पूर निघाला आहे, ग्रहणाला पुन्हा जमीन हलणार. या अफवा लोकांना घाबरवत नव्हत्या. लोक घाबरलेले आहेत ते योग्यच आहे, असं त्या सांगत होत्या.

ताप आलेल्या माणसाने आपल्याला ताप का आला याचं कारण हवेत आणि जेवणात शोधावं, तसाच हा प्रकार आहे. लक्षण आधी, कारण मागून. १९५७ साली फेस्टिंगरांनी हा विचार पुस्तकरूपाने मांडला आणि तो अफवांपुरता ठेवला नाही. धूम्रपान करणारा कर्करोगाच्या बातम्यांचं काय करतो, घेतलेला निर्णय माणूस नंतर कसा सजवतो, थोड्या पैशांसाठी खोटं बोललेला माणूस तेच खरं कसं मानू लागतो, हे सगळं एका सूत्रात ओवलं गेलं.

याच भूकंपाचा आणखी एक प्रसंग मला या सूत्राला फार जवळचा वाटतो. महात्मा गांधी तेव्हा हरिजन दौऱ्यावर दक्षिणेत होते. भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असं ते जाहीर सभांतून म्हणाले आणि ‘हरिजन’मध्येही त्यांनी ते लिहिलं. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला कळवळून विरोध केला. निसर्गातल्या घटनेला नैतिक कारण चिकटवणं चूक आहे, इतकंच म्हणून ते थांबले नाहीत. अशा प्रकारचा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्याच मनोवृत्तीला अधिक शोभतो, असं त्यांनी दाखवून दिलं. आणि तसंच झालं. अस्पृश्यतेला धरून बसलेले सनातनी हाच भूकंप मंदिरप्रवेशाच्या चळवळीची शिक्षा म्हणून सांगत होते. हजारो मृत्यूंना जमिनीखालच्या हालचालींचं कारण पुरेसं वाटत नाही, त्यांच्या तोलाचा अर्थ हवा असतो, आणि तो प्रत्येकाला आधीच धरून ठेवलेल्या श्रद्धेत सापडतो. अस्पृश्यता हे महापाप आहे, यात गांधीजींचं चुकलं नव्हतं. पण ग्रहणाची तारीख धरणारा पाटण्यातला माणूस आणि देशातला सर्वात मोठा नेता या बाबतीत एकाच रीतीने विचार करत होते. म्हणून अफवा पसरवणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

दार्जिलिंगचा ताळा

फेस्टिंगरांचं स्पष्टीकरण खरं असेल तर एक गोष्ट घडायला हवी. ज्यांच्या डोळ्यांसमोर विध्वंस झाला, त्यांच्या भीतीला कारण शोधावं लागणार नाही. तिथे आणखी संकटाच्या अफवा उठू नयेत.

यासाठी त्यांना दुसरा भारतीय अभ्यास मिळाला. १९५० च्या जूनमध्ये दार्जिलिंग भागात अतिवृष्टीने दरडी कोसळल्या आणि शंभराहून जास्त माणसं गेली. दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या वार्ता आणि अफवा गोळा केल्या आणि १९५२ साली त्याच ब्रिटिश नियतकालिकात मांडल्या. हेच सिन्हा पुढे अलाहाबाद विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग उभा करणारे. त्यांनी वर्णन केलेली लोकांची मनःस्थिती बिहारशी मिळतीजुळती होती : अस्थिरता, अनिश्चितता, धास्ती. पण ही माणसं प्रत्यक्ष विध्वंसातली होती. येऊ घातलेल्या मोठ्या संकटांच्या अफवा तिथे बिहारसारख्या दिसल्या नाहीत. फेस्टिंगरांच्या दृष्टीने ताळा जुळला.

या तुलनेचं कौतुक वाटतं. प्रयोगशाळेत करता न येणारा प्रयोग त्यांनी दोन आपत्तींमधून रचला. पण मला ती पुरेशी वाटत नाही, आणि त्याची कारणं प्रकरणातच आहेत.

पहिलं म्हणजे पाटणा पूर्ण अभंग नव्हतंच. तिथेही इमारतींना तडे गेले, काही पडल्या. विध्वंसाच्या आतले आणि बाहेरचे अशी स्वच्छ रेघ ओढता येत नाही. दुसरं, भूकंप आणि दरड ही वेगळी संकटं आहेत. मोठ्या भूकंपानंतर लहान-मोठे धक्के येत राहतात. पुन्हा जमीन हलेल, ही अपेक्षा म्हणजे नुसतं भीतीचं समर्थन नव्हे, ती बऱ्याच अंशी शहाणपणाची आहे. लोकांची चूक तारखेत आणि तीव्रतेत होती, मूळ शंकेत नव्हती. पाऊस थांबून दरड कोसळून गेल्यावर तशी वाट पाहायचं कारण उरत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वात वजनदार वाटते, ती म्हणजे माहिती. उत्तर बिहारमधले रेल्वेमार्ग उखडले होते, तारा तुटल्या होत्या, उद्ध्वस्त भागाशी काही दिवस धड संपर्क नव्हता. पाटण्याच्या माणसाला गंगेपलीकडे काय झालं हे कळत नव्हतं. दार्जिलिंगच्या माणसाला दरड समोर दिसत होती. कमी अफवांचं कारण त्याची न्याय्य भीती होती, की त्याच्याकडे असलेली पक्की माहिती? दोन्ही गोष्टी त्या एकाच माणसाजवळ असल्यामुळे ही तुलना त्यांना वेगळं करू शकत नाही.

इथे प्रसादांच्या अटींकडे परत यावं लागतं. अज्ञात पैलू, पडताळता न येणं, गटाचं हित. फेस्टिंगरांनी लोकांच्या मनातला बेमेळ उचलला, पण माहितीच्या आणि गटाच्या अटी बाजूला राहिल्या. १९६६ साली समाजशास्त्रज्ञ तामोत्सु शिबुतानी यांनी अफवेला लोकांनी तात्पुरती जुळवून घेतलेली बातमी म्हटलं. अधिकृत बातमी येत नाही, किंवा आली तरी तिच्यावर विश्वास नसतो, तेव्हा माणसं आपली बातमी स्वतः तयार करतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं. शिबुतानी स्वतः त्या छावण्यांतून गेले होते आणि हे त्यांनी आतून पाहिलं होतं. ही मांडणी प्रसादांच्या फार जवळची आहे.

हा फरक मदतकार्यासाठी अगदी व्यवहाराचा आहे. फेस्टिंगरांचं म्हणणं मानलं तर “घाबरू नका, काही होणार नाही” ही दवंडी उलटी बसेल, कारण ती आतल्या भीतीला आणखी निराधार ठरवते. तुमची भीती स्वाभाविक आहे आणि ती हळूहळू उतरेल, हे सांगणं जास्त उपयोगाचं. प्रसाद आणि शिबुतानींचं म्हणणं मानलं तर कोणतं गाव पडलं, कोणतं उभं आहे, पुढचे धक्के साधारण कसे असतात, ही माहिती दररोज ठरलेल्या वेळी आणि लोकांचा विश्वास असलेल्या माणसांकडून पोचवावी लागेल. मला दोन्ही हवं असं वाटतं. पण निवडायचंच झालं तर मी दुसऱ्याला आधी हात घालीन.

दोन्हींमधला निवाडा करायला लागणारी परिस्थिती महाराष्ट्रातच होऊन गेली आहे. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे लहान धक्के येऊ लागले आणि ते अनेक महिने येत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. विध्वंस मोठा नव्हता, पण लोक थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपत होते. धक्का आहे, भीती आहे आणि बहुतेक भिंती उभ्या आहेत, अशी ती अवस्था होती. अशा ठिकाणी पाड्यापाड्यावर फिरून तीन गोष्टी एकत्र नोंदवता येतात : घराला किती तडे गेले, त्या घरापर्यंत कोणती अधिकृत माहिती कधी पोचली, आणि त्या आठवड्यात पुढच्या संकटाविषयी तिथे काय बोललं जात होतं. तडे जास्त आणि माहिती शून्य असलेली घरं, तडे नाहीत पण माहिती भरपूर असलेली घरं, असे दार्जिलिंगमध्ये न मिळालेले जोड इथे मिळतात. फेस्टिंगर बरोबर असतील तर अफवा अभंग भिंतींच्या बाजूला जास्त सापडतील, बातमी पोचलेली असली तरीही. प्रसाद बरोबर असतील तर भिंती कशाही असोत, बातमी जिथे पोचली नाही तिथे त्या जास्त सापडतील. प्रसादांच्या काळी हे काम हाताने उतरवून घ्यावं लागलं. आज जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागाला ते एका सत्रात करता येईल, मात्र धक्के सुरू असतानाच घरांपर्यंत जावं लागेल.